हिमनदी ‘मागे सरकते’ म्हणजे नेमकं काय होतं?

‘गंगोत्री हिमनदी मागे सरकतेय’ असा मथळा अधूनमधून वाचनात येतो. तो वाचून डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं ते असं : बर्फाचा एक अजस्र पट्टा आल्या वाटेने डोंगर चढत परत निघालाय. तसं काहीही होत नाही. हिमनदीतला बर्फ कायम खालच्याच दिशेने जातो, हिमनदी ‘मागे सरकत’ असते त्या वर्षीसुद्धा.

याचा एक पुरावा आपल्याला जवळचा आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. डॉ. होमी भाभा त्यातच गेले. जुलै २०२० मध्ये त्याच पर्वतावरून उतरणाऱ्या बोसाँ हिमनदीच्या खालच्या भागात, वितळत्या बर्फातून भारतीय वर्तमानपत्रं बाहेर आली. पंतप्रधानपदासाठी इंदिरा गांधींची निवड झाल्याची बातमी त्यांत वाचता येत होती. चोपन्न वर्षं बर्फ तो कागद खाली आणत होता. त्या काळातली अलीकडची काही दशकं मात्र हिमनदीचं टोक वर-वर चाललं होतं. बर्फ खाली आणि टोक वर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळलं की हिमनद्यांच्या निम्म्या बातम्या उलगडतात.

टोक म्हणजे जमा-खर्च जिथे मिटतो ती जागा

हिमनदीच्या वरच्या भागात वर्षभरात जितकं हिम पडतं तितकं वितळत नाही. उरलेलं साठत जातं. ताजं हिम फार हलकं असतं, एका घनमीटरमध्ये शंभर किलोच्या आसपास. त्यावर पुढच्या वर्षांचे थर बसतात, मधली हवा दाबली जाते, कण गोल होऊन एकमेकांना चिकटतात. आधी भरड साखरेसारखं दाणेदार हिम आणि मग निळसर, घट्ट बर्फ तयार होतो. त्याची घनता घनमीटरला ९०० किलोच्या घरात जाते. वितळणं-गोठणं चालू असेल तिथे याला काही वर्षं ते काही दशकं लागतात, अंटार्क्टिकाच्या कोरड्या थंडीत शतकाहूनही जास्त.

खालच्या भागात उलटा प्रकार. तिथे पडण्यापेक्षा वितळणं जास्त. या दोन भागांमधल्या सीमेला समतोल रेषा म्हणतात. वरची शिल्लक वाहत खाली येते आणि खालची तूट भरते. जिथे ती पुरी खर्च होते तिथे हिमनदी संपते. तेच तिचं टोक किंवा मुख.

एक उदबत्ती मुठीत आडवी धरा आणि मागून हळूहळू पुढे ढकलत राहा. जळण्याचा आणि ढकलण्याचा वेग सारखा असेल तर निखारा हवेत एकाच जागी दिसेल. ढकलणं तसंच ठेवून जळणं वाढलं की निखारा मुठीकडे येऊ लागेल. काडी पुढेच जातेय, पण निखारा मागे येतोय. हिमनदीचं मुख म्हणजे हा निखारा. समजा मुखाशी वर्षाला २० मीटर बर्फ वरून येतो आणि ३५ मीटर वितळून जातो. मग मुख वर्षाला १५ मीटर ‘मागे’ जाईल. हे आकडे केवळ उदाहरणाचे, पण हिशोब खरोखर असाच मांडतात.

घट्ट बर्फ वाहतो कसा?

डांबराचा गोळा हातोडीने फुटतो, पण तसाच ठेवला तर काही दिवसांत पसरतो. बर्फाचंही तसंच. जाडी तीस-पन्नास मीटर झाली की स्वतःच्या वजनाने आतला बर्फ ताणला जाऊन आकार बदलू लागतो. यातली मेख अशी की जोर दुप्पट झाला तर आकार बदलण्याची गती दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते. जाडीचा हिशोब धरला तर परिणाम आणखी वाढतो : उतार तोच ठेवून जाडी दुप्पट केली, तर या प्रकारच्या वाहण्याने पृष्ठभागाला येणारा वेग सुमारे सोळापट. उलट बाजूने वाचलं तर हिमनदी थोडी पातळ झाली तरी तिचा वेग बराच पडतो, आणि मुखाला होणारा पुरवठा आणखी आटतो.

दुसरा मार्ग घसरण्याचा. तळाशी पाणी असेल तर बर्फाचं काही वजन त्या पाण्यावर पेललं जातं, खडकाशी घर्षण कमी होतं आणि अख्खा गठ्ठा सरकतो. म्हणून बऱ्याच हिमनद्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जोरात धावतात. उन्हाळा पुढे गेला की तळाशी पाणी वाहून नेणारे बोगदे मोठे होतात, दाब उतरतो आणि वेग कमी होतो. नुसतं ‘पाणी वाढलं की वेग वाढला’ असं समीकरण मांडणारे इथे फसतात.

मुखाजवळ उभं राहिलं तर काय दिसतं

गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे आणि साधारण ४,००० मीटर उंचीवर, गोमुखाशी संपते. तिथे पांढराशुभ्र कडा असेल अशी अपेक्षा ठेवून जाणारा गोंधळतो, कारण बर्फ बहुतेक दगड-मातीखाली झाकलेला असतो. ताजी तुटलेली बाजू तेवढी निळी-करडी. तिच्या पायथ्याशी गुहेचं तोंड आणि त्यातून बाहेर पडणारं गढूळ, दुधट राखाडी पाणी. हा रंग दगडाच्या पिठाचा. तळाशी अडकलेले दगड खडकावर घासून जी पूड होते ती इतकी बारीक असते की लवकर खाली बसतच नाही.

गुहा का पडते? पृष्ठभागावरचं वितळलेलं पाणी भेगांमधून तळाशी उतरतं, तिथल्या वाटा एकमेकींना मिळत जातात आणि शेवटी एक मोठा बोगदा मुखातून बाहेर पडतो. हिमनदी जाड असते तिथे बर्फाचा दाब असे बोगदे हिवाळ्यात दाबून बुजवतो. मुखाशी बर्फ पातळ, त्यामुळे दाब पुरेसा नाही. बोगदा रुंदावत जातो, वर गोल-गोल भेगा पडतात आणि एक दिवस छप्पर खाली येतं. हिमनदीच्या मुखापासून लांब राहा, गुहेत तर पाऊलही टाकू नका, असं बजावतात ते यासाठी.

वाहत आलेला दगडगोटा मुखाशी उतरवला जातो. त्याचा बांधासारखा ढीग होतो, त्याला हिमोढ म्हणतात. मुख बरीच वर्षं एका जागी राहिलं तर बांध उंच होतो, भरभर मागे गेलं तर विरळ दगड पसरतात. दरीत एकामागोमाग उभे असलेले हिमोढ ही मुखाच्या जुन्या मुक्कामांची नोंदवहीच.

दगडांच्या पांघरुणाचा परिणाम दुहेरी आहे. एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा काळपट थर ऊन शोषतो आणि बर्फ जास्त वितळवतो. थर बऱ्याच सेंटिमीटरांचा झाला की तोच गोधडीसारखं काम करतो आणि उष्णता बर्फापर्यंत पोचू देत नाही. हिमालयातल्या अनेक हिमनद्यांची मुखं अशा जाड थराखाली आहेत. त्यांचं टोक वर्षानुवर्षं जवळपास जागच्या जागी दिसतं आणि पोट मात्र खपाटीला जात असतं. फक्त टोकाकडे बघणाऱ्याला ‘हिमनदी स्थिर आहे’ असं वाटतं.

‘उन्हाळ्यात वितळलं ते हिवाळ्यात भरून येत नाही का?’

मुखाशी हिवाळ्यात पडलेलं हिम पुढच्या उन्हाळ्यात आधी संपतं, मग खालचा जुना बर्फ वितळू लागतो. मुख भरून येतं ते वरून वाहत आलेल्या बर्फाने, आणि त्याला वेळ लागतो. हा उशीर किती, याचा एक ढोबळ आडाखा आहे : हिमनदीची जाडी भागिले मुखाशी वर्षाला वितळणारी उंची. जाडी २०० मीटर आणि वितळणं वर्षाला ५ मीटर, तर सुमारे ४० वर्षं. म्हणजे आज दिसणारी मुखाची जागा गेल्या काही दशकांच्या हवामानाचा जवाब आहे. एखाद्या वर्षी भरपूर हिम पडलं म्हणून पुढच्या वर्षी मुख पुढे यावं अशी अपेक्षा चुकीची. तापमान आज वाढायचं थांबलं तरी मुखं लगेच थांबणार नाहीत, हाही त्याच हिशोबाचा भाग.

पाण्यात संपणारी हिमनदी वेगळीच वागते

मुख जमिनीवर असेल तर बर्फ वितळून जातो. समुद्रात किंवा तलावात असेल तर तो तुटूनही जातो. पाण्याखाली कोमट पाणी कड्याचा पाया पोखरतं, वरचा भाग अधांतरी राहतो आणि सुटतो. तळातून बाहेर पडणारं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने कड्याला घासत वर उसळतं आणि कोमट पाणी सोबत ओढून आणतं, त्यामुळे पोखरण वाढते.

अशा मुखाला आधार असतो तो तळाच्या उंचवट्याचा, बहुधा स्वतःच रचलेल्या हिमोढाचा. मुख त्यावरून मागे घसरलं आणि मागे खोल खड्डा असला तर घसरगुंडी सुरू होते : पाणी जितकं खोल तितका तरंगण्याकडे कल, तितकं तुटणं जास्त. अलास्कातल्या कोलंबिया हिमनदीचं १९८० च्या सुमारास हेच सुरू झालं. ती तेव्हापासून २० किलोमीटरहून जास्त आखडली. ही घसरगुंडी पुढे थांबवतो तो उथळ तळ किंवा अरुंद दरी. हवामानात काही खास बदल व्हायलाच हवा असं नाही.

अंटार्क्टिकात तर बर्फाची कड हे खरं टोक मानतच नाहीत. तिथे महत्त्वाची रेषा आहे बर्फ जमीन सोडून तरंगू लागतो ती. तरंगणाऱ्या बर्फाने स्वतःपुरतं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं, त्यामुळे तो वितळून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. जमिनीवरचा बर्फ पाण्यात आला की मात्र वाढते. सुमारे ३६० अब्ज टन बर्फ म्हणजे जगभर एक मिलिमीटर.

मोजतात कसं?

सर्वांत जुनी रीत खडक, रंग आणि टेप. मुखासमोरच्या पक्क्या खडकावर रंगाने खूण करायची, तिथून ठरलेल्या दिशेने बर्फाच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं, दर वर्षी त्याच सुमारास. इथे पहिली चूक खूण निवडतानाच होते. हिमोढावर बसलेला मोठा दगड भक्कम दिसतो, पण त्याच्या पोटात जुना बर्फ असला तर तो स्वतःच खाली सरकतो. खूण मूळ खडकावरच हवी. दुसरी चूक एकच रेघ मोजण्याची. गुहेचं छप्पर पडलं तर मधली रेघ एका दिवसात तीस मीटर ‘मागे’ जाते, बाजूच्या रेघा जागच्या जागी. म्हणून पाच-सात समांतर रेघा मोजून सरासरी घेतात. उपग्रहचित्रावर याचाच चांगला अवतार वापरतात : मुखाभोवती चौकट आखायची, दोन तारखांमध्ये त्या चौकटीतलं किती क्षेत्र बर्फाने सोडलं ते काढायचं आणि मुखाच्या रुंदीने भागायचं.

गंगोत्रीच्या मुखाचा नकाशा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये केला. तेव्हापासून ते मुख एक किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. पण सरकण्याचा वेग दर दशकाला वेगळा येतो, म्हणून ‘वर्षाला इतके मीटर’ असा सुटा आकडा दिसला की तो कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंतचा, हे आधी पाहावं.

मुखाची जागा म्हणजे परिणाम. कारण मोजायचं तर बर्फाचा जमा-खर्च मोजावा लागतो, आणि त्याला अजूनही माणसंच वर जावी लागतात. वाफेच्या यंत्राने बर्फात आठ-दहा मीटर खोल भोक पाडतात : छोटा बंब, लांब नळी, पुढे गरम तोटी. त्यात दोन-दोन मीटरचे बांबूचे किंवा अॅल्युमिनियमचे तुकडे जोडून केलेली काठी उतरवतात. गेल्या वेळी काठी १.२ मीटर बाहेर होती, आता ४.७ मीटर आहे. म्हणजे साडेतीन मीटर बर्फ गेला. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून ०.९ ने गुणायचं : सुमारे ३.१५ मीटर पाणी.

ऐकायला सोपं. प्रत्यक्षात काठी कलते, आणि कललेल्या काठीची बाहेरची लांबी उभ्या उंचीपेक्षा जास्त भरते, तर तिचा कोन नोंदवायला हवा. धातूची काठी उन्हाने तापून भोवतीचा बर्फ वितळवते. तळ बुजवला नसेल तर ती आणखी खाली बसते आणि वितळणं कमी दिसतं. उन्हाळा कडक निघाला तर अख्खी उघडी पडून आडवी होते, मग त्या वर्षाचा आकडा ‘किमान इतकं’ एवढाच लिहिता येतो. काठी बर्फासोबत पुढेही जाते, म्हणून दर भेटीत तिची जीपीएस जागा घेतात. त्यातून वेग आयता मिळतो. समतोल रेषेच्या वर मात्र काठीपेक्षा खड्डा कामाचा : वर्षभराचं हिम खणायचं, थराथराने वजन करून घनता काढायची. हिमाचलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून दर वर्षी असा हिशोब होतोय.

हिमालयाच्या मध्य-पूर्व भागात आणखी एक गुंता आहे. आल्प्समध्ये हिवाळा जमेचा आणि उन्हाळा खर्चाचा. इथे मान्सूनमुळे हिम पडणं आणि वितळणं दोन्ही उन्हाळ्यातच चालतं. तापमान जरा वाढलं की वितळणं वाढतं आणि जे हिम पडायचं तेही पाऊस होऊन पडतं. जमा आणि खर्च दोन्हीला एकदम फटका.

‘उपग्रह असताना काठ्या कशाला?’

उपग्रहाशिवाय आज पानही हलत नाही, हे खरं. लँडसॅट मालिकेची चित्रं १९७२ पासून आहेत. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्राचा सर्वांत बारीक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा, त्याहून लहान तपशील दिसत नाही. बर्फ दृश्य प्रकाशात चमकतो आणि विशिष्ट अवरक्त पट्ट्यात काळा दिसतो. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की संगणक स्वच्छ बर्फ चटकन वेगळा काढतो. दगडांनी झाकलेलं मुख मात्र त्याला साधी जमीन वाटते. तिथे युक्ती वेगळी : दोन तारखांच्या चित्रांत तेच दगड शोधायचे. जे हललेत त्यांच्याखाली वाहता बर्फ.

ठिपक्याची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. चित्राचा ठिपका ३० मीटरचा आणि मुख वर्षाला १५ मीटर सरकत असेल, तर एका वर्षाचा फरक चुकीच्या मर्यादेतच बुडतो. दहा वर्षांचा घेतला तर अर्थ निघतो. ढगांतून पाहायला रडार आहे. उंचीतला फरक लेझरने किंवा दोन कोनांतून घेतलेल्या जोडचित्रांवरून मिळतो. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी हेर-उपग्रहांची चित्रं खुली झाल्यावर त्यांतून हिमालयाची जुनी उंची काढता आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की १९७५–२००० च्या तुलनेत २००० नंतर बर्फ दुप्पट वेगाने जातोय.

तरी काठ्या लागतातच, कारण उपग्रह उंची मोजतो आणि आपल्याला वस्तुमान हवं असतं. एक मीटर उंची घटली ती भुसभुशीत हिमाची की घट्ट बर्फाची, हे खाली उतरून पाहिल्याशिवाय ठरत नाही. अशा सगळ्या पद्धती एकत्र करून २०२५ मध्ये आलेला आकडा सांगतो की ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या मोठ्या हिमस्तरांना वगळून जगातल्या हिमनद्यांनी २००० ते २०२३ या काळात दर वर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला.

‘काही हिमनद्या तर पुढे येतायत!’

येतायत. त्यातल्या बहुतेकींचं कारण मात्र जमेशी जोडलेलं नाही. काराकोरममधली शिश्पेर हिमनदी २०१८ मध्ये अचानक धावत सुटली. तळाशी पाणी कोंडून घर्षण गेलं की वर साठलेला बर्फ काही महिन्यांत खाली येतो. मुख पुढे, एकूण बर्फ तेवढाच. तिने शेजारच्या हिमनदीचा प्रवाह अडवला, तलाव झाला, आणि मे २०२२ मध्ये त्याच्या पुराने हसनाबादचा पूल वाहून गेला.

अलास्कातली हबर्ड हिमनदी पुढे येते, कारण तिचं वरचं जमेचं क्षेत्र प्रचंड आहे आणि मुखाला हिमोढाचा आधार आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने एक अख्खी खाडी तात्पुरती बंद केली. ग्रीनलंडमधली याकोब्सहाव्न २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरहून जास्त वेगाने धावत होती. २०१६ नंतर खाडीत थंड पाणी आलं तशी ती मंदावली आणि तिचं मुख काही काळ पुढे आलं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्च हिमनदीची गोष्ट सर्वांत बोलकी. आजूबाजूच्या हिमनद्या आखडत असताना हिचं मुख पुढे सरकत होतं. वरच्या शिखरावरून दरडी तिच्या पाठीवर कोसळत होत्या. दगडांनी वितळणं रोखलं आणि वजनाने बर्फ ढकलला. वेग वाढतोय हे यंत्रांवर दिसताच १९ मे २०२५ ला खालचं ब्लाटेन गाव रिकामं केलं. २८ मे रोजी जवळजवळ सगळी हिमनदी खाली आली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला.

‘मग २०३५ मध्ये हिमालय कोरडा पडणार होता त्याचं काय?’

ती चूक होती. आयपीसीसी या हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपू शकतात, हे वाक्य नीट पडताळणी न होता आलं होतं आणि जानेवारी २०१० मध्ये संस्थेने चूक मान्य केली. वर दिलेला उशिराचा आडाखा लावला तरी शेकडो मीटर जाडीचा बर्फ इतक्या लवकर संपणार नाही, हे कळतं. हिंदुकुश-हिमालय प्रदेशाचा २०१९ चा सविस्तर आढावा सांगतो की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत सुमारे एक-तृतीयांश बर्फ जाईल.

मुखाने सोडलेली जागा

मुख मागे गेलं की पुढे हिमोढाचा बांध आणि मागे खोलगट जागा उरते. तिथे पाणी साठतं. हा बांध सिमेंटचा नाही. दगड, वाळू आणि कधी कधी पोटात बर्फ. सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक तलावात ऑक्टोबर २०२३ मध्ये काठाचा हिमोढ घसरून पडला, लाट उसळली, बांध फुटला आणि खाली चुंगथांगचं धरण वाहून गेलं. फेब्रुवारी २०२१ च्या चमोली दुर्घटनेत मात्र असा कुठला तलाव नव्हता. रोंती शिखराचा खडक-बर्फाचा मोठा तुकडाच निखळला होता. पहिल्या दिवशी सगळीकडे ‘हिमनदी फुटली’ असंच छापून आलं. फरक महत्त्वाचा आहे, कारण तलावावर पाण्याच्या पातळीने नजर ठेवता येते, कड्यावर तशी ठेवता येत नाही.

शेवटची एक अवस्था उरते. आइसलंडमधल्या ओक पर्वतावरची हिमनदी २०१४ मध्ये मृत ठरवली गेली. तिथे तेव्हाही बर्फ होता. पण तो इतका पातळ झाला होता की स्वतःच्या वजनाने वाहत नव्हता. वरून काही येत नाही, तर खाली मुख कशाचं म्हणायचं? उरलेल्या बर्फाला कडा आहेत, आणि त्या सगळ्या बाजूंनी सारख्याच आत येतायत.